सोमवारचा रकाना

विनय वझलवारांनी जबलपूरजवळच्या खमरियाच्या कारखान्यातल्या तपासणी खात्यात बत्तीस वर्षं काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांच्या सहीनं एकही खोटा नग बाहेर पडला नाही. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. पण ज्यांचे नग त्यांनी परत पाठवले ती माणसंही हेच सांगतात, फक्त सांगताना मध्ये एखादी शिवी घालतात.

विनयरावांच्या खिशात दोन तोंडांचं पोलादी गेज असे. एक तोंड भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दोन्ही गेली तरी नग बाद, दोन्ही अडली तरी बाद. कारागीर गयावया करत, "वझलवार साहब, बाल बराबर का फरक है." विनयराव शांतपणे म्हणत, "बाल बराबर का ही तो नाप है." आणि खात्यातला एक नियम ते नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवत: ज्यानं नग बनवला, त्यानं तो पास करायचा नाही. आई आपल्या लेकराला कधी काळं म्हणते काय?

हा नियम त्यांनी बत्तीस वर्षं पाळला आणि निवृत्तीनंतर घरच्या घरी मोडला.

निवृत्तीबरोबर सरकारी क्वार्टर सुटलं. विजय नगरात घर बांधून ठेवलेलं होतंच, तिथं नवराबायको एप्रिलमध्ये राहायला आली. पाणी दोन वेळ, भाजीवाला दारात, गच्चीवर दिवसभर ऊन. विनयरावांनी सगळं तपासून घेतलं होतं. एकच गोष्ट त्यांच्या तपासणीतून निसटली. खमरियात त्यांच्या बायकोचा, प्रतिमाताईंचा, दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चाले. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला डबा, दुपारच्याला धुणं वाळत. संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला की शेजारच्या क्वार्टरमधली सत्यवती भिंतीपलीकडून हाक मारायची, "दीदी, चलो," आणि दोघी पिशव्या घेऊन भाजीला निघायच्या. घरात घड्याळं तीन होती, पण प्रतिमाताईंनी त्यांच्याकडे कधी बघितलं नाही. विजय नगरात भोंगा ऐकू येत नाही.

आधी चहाची वेळ गेली, मग आंघोळीची. मग वेणी घालायची राहू लागली. "करमत नाही," प्रतिमाताई म्हणाल्या. विनयरावांनी मोठा टीव्ही आणला. "काही करावंसं वाटूनच नाही राहिलं," त्या म्हणाल्या. विनयरावांनी रक्त तपासून आणलं. थायरॉइड ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन बऱ्यापैकी.

"रिपोर्ट तर पास आहे," विनयराव म्हणाले.

"मग मीच बाद असंल," प्रतिमाताई म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

पुढे फोन वाजला की त्यांची छाती धडधडू लागली. त्यांनी फोनचा आवाज बंद केला आणि तो कपाटात, हिवाळ्याच्या शालींखाली ठेवून दिला. तेव्हा मुलगी जागी झाली. रुचिरा पुण्याला नोकरी करते आणि मराठी जबलपूरची बोलते. "बाबा, ये आलस नहीं है," ती म्हणाली. "डिप्रेशन आहे. घबराहट पण त्यातलीच. मी ऑनलाइन थेरपिस्ट पाहिली आहे, मराठी बोलणारी."

अशी प्रणोती त्यांच्या घरात आली. दर गुरुवारी दुपारी चार वाजता, नाशिकहून, पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून. डबा, फोन आणि खुर्ची यांमधली अंतरं विनयरावांनी ठरवली आणि मग स्वतः बायकोच्या मागे जाऊन बसले.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसाल का?" प्रणोती म्हणाली.

"मी टेक्निकल बाजू पाहतो."

"ती उत्तम आहे, काका. तुम्ही बाहेरून पाहा."

विनयराव स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकघरातून निम्मं ऐकू येतं, हे त्यांनी आधीच तपासलं होतं.

दुसऱ्या भेटीत प्रणोतीनं एक तक्ता पाठवला. तिचं म्हणणं साधं होतं. माणूस म्हणतो, मन झालं की उठेन. पण या आजारात मन आधी होत नाही, आधी उठावं लागतं, मन मागून येतं, कधी येतं, कधी नाही. म्हणून रोजच्या बारीक सवयी. दहाच्या आत आंघोळ. पंधरा मिनिटं गच्चीवर ऊन. हातानं केलेला एक पदार्थ. आणि दर सोमवारी सत्यवतीला फोन. पहिल्या तीन सवयी प्रणोतीच्या, चौथी प्रतिमाताईंनी स्वतः सांगितली होती. प्रत्येकीपुढे टीक, आणि करताना किती बरं वाटलं त्याचा दहापैकी आकडा.

"ही परीक्षा नाही," प्रणोती म्हणाली. "शून्य आलं तरी मला तेच हवंय. काका, तुमचं काम फक्त रविवारी फोटो काढून पाठवायचं."

फक्त फोटो काढायचा, हे कोणाला सांगितलं? ज्यानं बत्तीस वर्षं तक्ते भरले त्याला. विनयरावांनी त्याच संध्याकाळी रजिस्टर आणलं, पट्टीनं रकाने आखले, आणि दोरी बांधून ते फ्रिजच्या मुठीला अडकवलं. बायको आकडा सांगणार, ते लिहिणार.

सप्टेंबरच्या बावीस तारखेला पहिला आठवडा सुरू झाला. आंघोळ, दोन. ऊन, एक. वांग्याची भाजी, शून्य. फोन, नाही. रविवारी विनयरावांनी फोटो पाठवला, तो रुचिरालाही गेला. प्रणोतीनं लिहिलं, "खरं लिहिलंत, यापेक्षा चांगली सुरुवात नाही." रुचिरानं पुण्याहून फोन केला आणि बोलता बोलता रडली.

विनयरावांना दोन्ही पटलं नाही. दहापैकी दोन हा त्यांच्या हिशेबी बाद माल होता, आणि तो त्यांच्या अक्षरात गावभर फिरत होता.

मग दुसऱ्या आठवड्याचा सोमवार उजाडला. "सत्यवतीला फोन कर," विनयराव म्हणाले. "करते," प्रतिमाताई म्हणाल्या. 'करतो' म्हणणाऱ्या कारागिराचा नग विनयरावांनी आयुष्यात घेतला नव्हता. पण बायको म्हणाली 'करते', आणि यांनी टीक केली. पुढे पाच लिहिलं. संध्याकाळपर्यंत फोन झाला नाही. आता टीक खोडायला हवी होती. पण तपासणीच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. खाडाखोड म्हणजे चौकशी. म्हणून एक खोटी टीक, रजिस्टर स्वच्छ राहावं एवढ्यासाठी, तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी प्रतिमाताई अंथरुणात.

"उन्हाचे किती लिहू?"

"लिहा काहीही."

विनयरावांनी या 'काहीही'ला लेखी मंजुरी धरली आणि चार लिहिलं. माणूस एकदम लबाड होत नाही. आधी तो समजूतदार होतो.

पुढचे आठवडे त्यांनी ज्या शिस्तीनं खोटं लिहिलं, त्या शिस्तीनं पुष्कळ लोक खरंही लिहीत नाहीत. आकडे एकदम चढवले नाहीत. चार, चार, पाच. मध्ये एका बुधवारी तीन, म्हणजे खरं वाटावं. मग पुन्हा पाच. भाजी ते स्वतः चिरत, फोडणीही स्वतःच देत, आणि प्रतिमाताईंनी मीठ पाहिलं की तो पदार्थ त्यांच्या नावावर चढे. त्यांच्या मनात कपट होतं असं म्हणता येत नाही. त्यांना वाटे, कागदावर सहा दिसला तर तीही सहाकडे येईल. कारखान्यात कागद नगाच्या मागून चालतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण घरात आल्यावर माणूस हुशारी पायताणांबरोबर दाराशी काढून ठेवतो.

रोज सकाळी प्रतिमाताई फ्रिजपाशी येत, चष्मा लावत, कालचं पान वाचत आणि काही न बोलता परत जात. विनयरावांना पहिले दोन दिवस धाकधूक वाटली. मग वाटलं, बोलली नाही म्हणजे मान्य आहे.

एका गुरुवारी स्वयंपाकघरातून त्यांनी ऐकलं. प्रणोती विचारत होती, "काकू, तक्ता छान चाललाय. सत्यवतीताईंशी बोलणं होतंय ना?"

"होऊन राहिलं असंल," प्रतिमाताई म्हणाल्या.

नाशिकच्या कानाला 'होऊन राहिलं' तेवढं पोचलं. 'असंल' नेटवर्कनं खाल्लं की प्रतिमाताईंनी, सांगता येत नाही. "वा, मस्त," प्रणोती म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी विनयरावांच्या फोनवर सत्यवतीचाच फोन आला. "भैया, दीदी फोन नहीं उठातीं. नाराज हैं क्या हमसे?"

"अरे नहीं नहीं. सो रही हैं. करेंगी."

"उठें तो बता देना, इस बार बड़ी की जगह पापड़ बनाए हैं. विक्की के हाथ भिजवा देंगे." बड़ी म्हणजे डाळीचे सांडगे, आणि विक्की म्हणजे तिचा मुलगा, आता तोच कारखान्यात लागला होता, म्हणून क्वार्टर अजून त्यांच्याकडे होतं.

"हाँ हाँ, बता देंगे."

प्रतिमाताई झोपलेल्या नव्हत्या. पलंगावर बसून खिडकीचा पडदा बघत होत्या. पण फोनचं नाव काढलं की धडधड सुरू होईल, मग जेवणार नाही, म्हणून विनयरावांनी सांगितलं नाही. पापडांचंही राहून गेलं. फोन काही झालं तरी आला होताच, म्हणून त्या सोमवारची टीक त्यांना निम्मी खरी वाटली. पुढे सहा लिहिलं.

डिसेंबर लागला. प्रणोतीनं कळवलं की प्रगती छान आहे. अकरा तारखेच्या गुरुवारनंतर दर आठवड्याची गरज नाही, लागेल तसं भेटू. रुचिरानं बाबांना फोनवर शाबासकी दिली. प्रतिमाताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं." मग थोड्या वेळानं, "म्हणजे आता याहून बरं वाटणार नाही काय?"

विनयराव हसले. त्यांना तो विनोद वाटला.

नऊ तारखेला, मंगळवारी, ते घमापुरला गेले. स्कूटरची क्लचवायर तुटली होती आणि त्यांचा मिस्त्री तीस वर्षं घमापुरचाच. दुकानाच्या बाकावर बापूसाहेब भेटले, पूर्वीचे खात्यातले सोबती, आता कानाला यंत्र.

"वझलवार, तेराव्याला दिसले नाही तुम्ही," बापूसाहेब म्हणाले.

"कोणाच्या?"

"काहून, माहीत नाही? सत्यवतीबाई गेल्या ना. झटका आला. चौदा नोव्हेंबर, सकाळी. ग्रुपवर टाकलं होतं आपल्या."

कारखान्याच्या निवृत्तांचा ग्रुप विनयरावांनी उन्हाळ्यातच बंद ठेवला होता. रोज सकाळी चाळीस जण फुलं पाठवत.

"वहिनींना तर कळलंच असंल," बापूसाहेब म्हणाले. "विक्की म्हणून राहिला होता, मम्मी शेवटपर्यंत विचारत होती, विजय नगरवाली दीदी आयी क्या. मी म्हटलं, येईल बापा. तब्येत बरी नसंल."

मिस्त्रीनं वायर बसवली, क्लच दाबून बघा म्हणाला. विनयरावांनी न बघताच स्कूटर सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काम न तपासता ताब्यात घेतलं.

घरी येऊन त्यांनी रजिस्टर दोरीतून सोडवलं. अकरा सोमवार, अकरा टिका. त्यांतल्या शेवटच्या चार, सतरा नोव्हेंबर, चोवीस नोव्हेंबर, एक डिसेंबर आणि कालची आठ, सत्यवती गेल्यानंतरच्या. त्यांच्यापुढे आकडे होते: सात, सात, आठ, आठ. बाई गेल्यापासून फोनवरचं बोलणं जास्तच गोड झालं होतं.

अक्षर सुरेख होतं. खाडाखोड कुठेही नव्हती.

प्रतिमाताई आतल्या खोलीत पडून होत्या. बाहेर लख्ख ऊन, आत पडदा ओढलेला. आजच्या उन्हापुढे सकाळीच सात लिहून झालं होतं. विनयराव पलंगाच्या काठावर बसले. त्यांनी काय सांगायचं ते दोनदा मनात जुळवलं आणि तिसऱ्यांदा नुसतं सांगून टाकलं.

"सत्यवती गेली, प्रतिमा."

प्रतिमाताई उठून बसल्या. बऱ्याच दिवसांत त्या एवढ्या पटकन उठल्या नव्हत्या.

"कधी?"

"चौदाला. नोव्हेंबरच्या."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. "मग काल तुम्ही कोणाशी बोलले?"

"मी? मी कुठं बोललो?"

"रजिस्टरात टीक होती ना."

विनयरावांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

"मला वाटलं, तुम्ही करून राहिले माझ्याऐवजी," प्रतिमाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बँकेचं तुम्हीच करता, गॅसचं तुम्हीच करता, रुचिराच्या कॉलेजचे फॉर्म तुम्हीच भरले. माझ्या सह्यासुद्धा तुम्हीच करता. मी म्हटलं, हेही करून राहिले. तिला सांगत असाल, प्रतिमाचं मन ठीक नाही, होईल ठीक, मग करेल फोन. म्हणून मी निवांत होती. मी म्हटलं, तिला माहीत आहे."

"तिला नव्हतं माहीत," विनयराव म्हणाले. आणि मग, कारण अर्धी तपासणी ही तपासणीच नव्हे, ऑक्टोबरच्या फोनचंही सांगितलं. पापडांचंही.

"मी नाराज आहे, असं वाटलं तिला?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

याचं उत्तर विनयरावांना माहीत होतं. प्रतिमाताईंनी ते त्यांच्या तोंडावर वाचून घेतलं. त्या रडल्या नाहीत. शालीच्या दशांतली एक गाठ हातात घेऊन सोडवत बसल्या.

विनयरावांनी विचारलं, "मग ते बाकीचे आकडे? तू तर रोज वाचत होती. बोलली काहून नाही?"

"वाचत होती ना. मी कशी आहे ते पाहायला." त्या सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. "तुम्ही सात लिहिलं होतं. तुमचं कधी चुकत नाही, सगळा कारखाना म्हणते. मी म्हटलं, सात असंल. सात असलं की माणसाला असंच वाटत असंल."

विनयरावांना कारखान्यातल्या पुष्कळ शिव्या आठवत होत्या. या दोन वाक्यांपुढे त्यांतली एकही शिवी वाटत नव्हती.

गुरुवारी चार वाजता त्यांनी पोह्यांचा डबा टेबलावर ठेवला, फोन टेकवला आणि स्वयंपाकघराकडे वळले.

"आज तुम्ही इथंच बसा," प्रतिमाताई म्हणाल्या.

प्रणोती हसत पडद्यावर आली. विनयरावांनी तिला नमस्कारही करू दिला नाही. पहिला आठवडा सोडून सगळे आकडे माझे आहेत, ते म्हणाले. आणि तारखांसकट सगळं सांगितलं. सांगताना ते उभे होते. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की उभं राहिल्यानं आपलं फक्त पोट दिसत असेल. मग ते बसले.

प्रणोतीनं सगळं ऐकून घेतलं. "चूक माझीही आहे," ती म्हणाली. "आकडे चांगले दिसत होते. मी काकूंपेक्षा आकड्यांकडे जास्त बघितलं." मग तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढला. "काकू, सत्यवतीताईंबद्दल ऐकून वाईट वाटलं. आज आकडा नको. कशा होत्या त्या, सांगाल?"

आणि तीन महिन्यांत 'हो', 'बरं' आणि 'ठीक' यांपलीकडे न गेलेल्या प्रतिमाताई चाळीस मिनिटं बोलल्या. निम्मं मराठी, निम्मं हिंदी, प्रणोतीला कळतंय की नाही याची पर्वा न करता. पहाटेचा पहिला भोंगा झाला की सत्यवती पलीकडून भिंतीवर वाटी वाजवायची, उठलीस का म्हणून. इकडून त्या चमचा वाजवायच्या, उठले म्हणून. अठ्ठावीस वर्षं. विनयराव त्याच घरात, त्याच भिंतीला डोकं लावून झोपत होते. त्यांना वाटे, शेजारी भांडी घासताहेत.

"इथं भिंत आहे, पण पलीकडून कोणी वाजवत नाही," प्रतिमाताई म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतं मला पहिल्या दिवशी. पण तुमची मराठी ताजी, माझी निम्मी हिंदी, मला लाज वाटली."

"हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर," प्रणोती म्हणाली आणि थांबली. ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. विनयरावांनी मनात केलं. अकरा आठवडे. चौदा नोव्हेंबरच्या आधीचे निदान सात सोमवार.

दर गुरुवारची भेट पुन्हा ठरली. तक्ताही पुन्हा पहिल्यापासून. फोन बंद झाल्यावर विनयरावांनी नवं पान आखलं. सवय होती म्हणून पेनचं टोपण काढलं, आणि मग पेन उलटं धरून बायकोपुढे केलं.

प्रतिमाताईंनी ते घेतलं. आंघोळ, साडेअकरा वाजता झाली होती. तिथं त्यांनी फुली मारली. ऊन, नाही. पदार्थ, नाही. पुढे शून्य, शून्य, शून्य. तिसरं शून्य वाकडं आलं, म्हणून त्यांनी ते खोडून पुन्हा काढलं. विनयराव खाडाखोडीकडे बघत राहिले.

मग पेन सोमवारच्या रकान्यावर आलं आणि थांबलं.

"इथं आता कोणाचं नाव लिहू?"

विनयरावांच्या जिभेवर तीन नावं आली. रुचिरा होती. प्रतिमाताईंची नागपूरची बहीण होती. विक्कीला तर फोन करायलाच हवा होता, पण तो करणं हे त्यांचं स्वतःचं काम होतं, आणि त्याची धडधड त्यांना मंगळवारपासून होत होती. तिन्ही नावं त्यांनी गिळली.

"मला नाही माहीत," ते म्हणाले.

प्रतिमाताईंनी मान हलवली आणि पेन खाली ठेवलं. रविवारी विनयरावांनी फोटो काढला. तो रकाना रिकामाच होता. त्यांनी तो तसाच पाठवला.